गिटारला दोष देण्यापूर्वी

आपल्या कार्यक्रमांत आता गिटारही वाजते. आवाज बोथट आला की घरचे मुलाला नवी, महाग गिटार घेऊन देतात. हे योग्य नव्हे. गिटारचा संकेत दुबळा असतो. लांब वायरीत त्याची धार गळते. जर्मनीने १९५७ साली ‘इएमटी १४०’ हे पोलादी पत्र्याचे रिव्हर्ब यंत्र जगाला दिले. तिथलीच लेहले कंपनी पायाने दाबायचे लूप स्विच बनवते. बफर असलेला स्विच एको यंत्राला वळसा देतो, तरी संकेताला बळ पुरवतो. गिटारपासून स्विचपर्यंतची वायर मात्र आखूड ठेवावी. मुलाची मेहनत वायरीत वाया जाऊ नये. पालकांनो, आधी वायर तपासा, मग गिटार बदला.