आमचे पीसी आत घ्या!

खरं सांगायचं तर हा लेख म्हणजे अर्धी माफी आणि अर्धं भांडण आहे. माफी आधी उरकून घेतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आपल्या हॉस्टेलच्या सी विंगचं नेट दीड दिवस गेलं होतं. आठवतंय? कुणी म्हणालं जेसीबीने केबल तोडली, कुणी म्हणालं कॉलेजने बिल थकवलं. मेसमध्ये तर ‘फायनलच्या पोरांनी सर्व्हर हॅक केला’ इथपर्यंत मजल गेली होती. मित्रांनो, जेसीबी नव्हता, बिलही नव्हतं आणि बिचारे फायनलवाले तर झोपले होते. तो मी होतो.

झालं असं की आमच्या रूममध्ये भिंतीतलं लॅनचं सॉकेट एक आणि मशीनं तीन. रोज रात्री वायरीवरून भांडणं. म्हणून मी जुन्या बाजारातून चारशे रुपयांना एक सेकंडहँड राउटर उचलून आणला. त्याच्या पाठीला पाच पोर्ट. चार पिवळी आणि एक निळं. भिंतीतून येणारी वायर निळ्यात घालायची असते. मी पिवळ्यात घातली. बस्स, एवढंच!

आता ह्या ‘एवढंच’ने काय होतं ते ऐका. आपण पीसी नेटवर्कला जोडतो तेव्हा त्याला स्वतःचा आयपी पत्ता माहीत नसतो. तो सगळ्या नेटवर्कवर ओरडून विचारतो की मला पत्ता कोण देणार? कॉलेजच्या मेन बिल्डिंगमधला डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि बाहेर जायचा रस्ता, म्हणजे गेटवे, कुठला तेही सांगतो. पण ओरडणाऱ्याला हे कळत नाही की उत्तर देणारा खरा कोण आणि तोतया कोण. जो आधी बोलेल त्याचं ऐकायचं, एवढीच त्याची अक्कल. माझा राउटर पिवळ्या बाजूने विंगमध्ये घुसलेला. सर्व्हरपेक्षा जवळ. त्यामुळे नव्याने जोडणाऱ्या प्रत्येकाला तोच उत्साहाने पत्ते वाटत सुटला, आणि ‘बाहेर जायचंय? माझ्याकडून जा’ म्हणून सांगू लागला. त्याच्याकडून पुढे रस्ताच नव्हता, कारण निळं पोर्ट रिकामं! ज्यांना आधीच पत्ता मिळालेला होता त्यांचं नेट मस्त चालू, शेजारच्याचं बंद. त्यामुळे घोळ कुठे आहे हे कुणालाच समजेना.

सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. नेट माझंही चाललं नाही. मग मीही कॉरिडॉरमध्ये उभं राहून सगळ्यांबरोबर कॉलेजला मनसोक्त शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री एका सिनियरने स्वतःच्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ मारून पाहिलं. कॉलेजचे पत्ते दहापासून सुरू होतात आणि ह्याला गेटवे दिसत होता १९२.१६८.०.१. त्याने तो आकडा ब्राउझरमध्ये टाकला तर समोर एका घरगुती राउटरचं लॉगिनचं पान! तो मोठ्याने हसला, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी रूमवर गेलो, वायर उपटली, राउटर ट्रंकेत टाकला आणि झोपायचं सोंग घेतलं. लाज वाटण्याचं अजून एक कारण म्हणजे त्याच सेमिस्टरला ‘एक्सप्लेन डीएचसीपी विथ डायग्रॅम’ हा प्रश्न मी पूर्ण सोडवला होता. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज. चारही बाण काढले होते, स्केलने.

तर ही झाली माफी. आता भांडण.

आठवड्याभरात बोर्डावर सूचना लागली. विद्यार्थ्यांनी स्वतःचे संगणक हॉस्टेलच्या नेटवर्कला जोडू नयेत, पुढील सूचनेपर्यंत. रूममधली सॉकेटं बंद झाली. राहिलं काय, तर रीडिंग हॉलमधलं वाय-फाय, रात्री दहापर्यंत. ‘पुढील सूचना’ अजून आलेली नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ह्याने काहीच फरक पडला नाही हे मला मान्य आहे. लॅपटॉप आहे, मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, चाललंय की! पण तळमजल्यावर डिप्लोमातून थेट सेकंड इयरला आलेला माझा एक मित्र राहतो. त्याच्याकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, तोही सेकंडहँड. घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला. तो डेस्कटॉप उचलून रीडिंग हॉलमध्ये न्यायचा का रोज? डोंगल लावावं म्हटलं तर वाय-फाय तळमजल्यापर्यंत पोचत नाही. राहता राहिला मोबाईलचा डेटा. रोजचा दीड जीबी. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती उतरवायची तर साडेपाच जीबीच्या वर आहे. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा न उघडता चार दिवस!

आणि प्रश्न फक्त डाउनलोडचा नाही, हे ‘हॉटस्पॉट आहे की’ म्हणणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. कॅम्पस नेटवर्क म्हणजे फुकटचं इंटरनेट नव्हे. आपल्या कॉलेजने घेतलेल्या सॉफ्टवेअरचा लायसन्स सर्व्हर कॅम्पसच्या आतल्या मशीनलाच लायसन्स देतो. लायब्ररीने वर्गणी भरलेली जर्नल्स कॉलेजचा आयपी पत्ता बघून उघडतात. तोच पेपर हॉटस्पॉटवरून उघडा, डॉलरमध्ये पैसे मागतो. म्हणजे ज्याचा पीसी नेटवर्कच्या बाहेर, त्याने फी भरलेली असूनही तो अर्ध्या कॉलेजच्या बाहेर. माझ्या ह्या मित्राने मिनी प्रोजेक्टला सिम्युलेशनचा चांगला विषय घेतला होता. लॅब पाचला बंद होते, तो प्रॅक्टिकल्समधून सुटतो तेच पाचला. जानेवारीत त्याने तो विषय सोडला आणि कुठलातरी सर्व्हेचा घेतला. मला म्हणाला, “जाऊ दे ना, मार्क तेवढेच मिळतात.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हर रूममध्ये जाऊन सरांना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं आता दंड, पालकांना पत्र, रेक्टरांसमोर उभं राहणं, सगळं होणार. सरांनी आधी विचारलं, “पिवळ्यात घातलीस ना?” म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त रूम नंबर माहीत नव्हता! मग म्हणाले, “अरे, हे थांबवता येतं. स्विचला सांगायचं की पत्ता वाटायची परवानगी फक्त ह्या एका पोर्टला, बाकी कुणी वाटायला लागला तर त्याचं तोंड बंद कर. डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात त्याला. पण विंगमधला स्विच साधा आहे, त्याला काही सांगायची सोयच नाही.” मॅनेज्ड स्विचची मागणी त्यांनी केलेली आहे. ती बजेटमध्ये अडकलीय. अख्ख्या कॅम्पसच्या मशीनना ते एकटे माणूस. वर, बाहेरच्या जगाला आपलं सगळं हॉस्टेल एकाच पत्त्यावरून दिसतं. कुणी आतून काही उद्योग केला तर विचारणा पोराला होत नाही, कॉलेजला होते. एकट्या माणसाने ‘सॉकेटंच बंद’ म्हटलं तर मला त्यांचा राग येत नाही. पण सोपा उपाय आणि बरोबर उपाय ह्यात फरक आहे, आणि सोप्या उपायाची किंमत नेमकी ज्याच्याकडे पर्याय नाही त्यानेच मोजली. मी नाही मोजली. माझ्याकडे लॅपटॉप आहे.

ही अडचण काही आपणच जगात पहिल्यांदा पाहिलेली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म विंडोज २००० आणि एक्सपीच्या मशीनमध्ये आपणहून शिरत होता. फाइल उघडायची, क्लिक करायची गरजच नाही, नेटवर्कला जोडलेलं असलं की झालं. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैतच काढला होता, पण लावलाय कोणी? नेमकी त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेतली पोरं सुट्टीवरून आपापले पीसी घेऊन हॉस्टेलवर परतली. तिथल्या अनेक विद्यापीठांनी तेव्हा काय केलं? नवीन मशीन जोडलं की ते आधी एका बाजूच्या नेटवर्कवर जायचं. तिथे एकच पान उघडायचं. नाव नोंदव, पॅच लाव, मग आत ये. म्हणजे दाराशी चपला काढायला लावल्या, दार नाही बंद केलं.

आपल्याकडे नोंदणी पूर्वी होती ना, असं कुणी म्हणेल. होती. मॅक अ‍ॅड्रेसचा फॉर्म. बारा अक्षरं-आकडे लिहा, एचओडींची सही आणा. पण मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल आहे. तुमचा उचलून कुणी स्वतःचा टाकला तर कंडक्टरला काय कळणार? लिनक्सवर तो एका ओळीच्या कमांडने बदलतो. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात, प्रायव्हसीसाठी. फर्स्ट इयरची पोरं दरवर्षी फॉर्म भरूनही ‘सर, कनेक्ट होत नाही’ म्हणत फिरायची त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सेटिंगमधलं एक बटण. पण ते कुणी सांगायचं?

ओळखायचं असेल तर माणसाला ओळखा, मशीनला नको. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, आणि ते वाय-फायलाही आणि भिंतीतल्या सॉकेटलाही. ८०२.१एक्स हे स्टँडर्ड २००१ पासून ह्याचसाठी आहे. त्यावरच उभी असलेली एड्युरोम ही व्यवस्था युरोपात सुरू झाली आणि आज शंभरहून जास्त देशांत चालते. भारतात ती एर्नेट चालवतं. आपल्या कॉलेजचं लॉगिन घेऊन दुसऱ्या कॅम्पसवर जा, तिथेही लागतं. माझ्यासारख्याने घोळ घातलाच तर नाव समोर दिसेल, फक्त त्याचं सॉकेट बंद होईल, आणि बाकी विंग सबमिशन करत राहील.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, कबूल. तोपर्यंत निदान डेस्कटॉपवाल्यांची सॉकेटं सुरू करा, ‘राउटर लावणार नाही’ अशी सही घेऊन. आणि आम्हाला कामाला लावा की! नेटवर्क्सचा विषय आपण टीईला शिकतो, सात लेयर तोंडपाठ म्हणतो, सिम्युलेटरमध्ये चित्रातल्या स्विचला चित्रातली वायर जोडतो. खरा स्विच मात्र जिन्याखाली कुलपात. ऑगस्टमध्ये हॉस्टेलची एक संध्याकाळ काढा. प्रत्येकाने आपली केबल स्वतः क्रिम्प करायची. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माझी पहिली चार टोकं फुकट गेली होती, पाचवं लागलं. प्रत्येक विंगमधली दोन पोरं सरांच्या हाताखाली द्या. रात्री अकराला कुणाचं नेट गेलं तर सरांना घरी फोन करण्याआधी ती बघतील. मी नाव द्यायला तयार आहे, अर्थात अनुभवाच्या जोरावर!

प्राचार्यांना द्यायचा अर्ज मेसच्या काउंटरवर ठेवलाय, लोणच्याच्या बरणीशेजारी. लॅपटॉपवाल्यांनीही सही करा. पहिली सही माझी आहे, रूम नंबरसकट. आणि राउटर अजून माझ्याकडेच आहे, पण आता त्याच्या निळ्या पोर्टपाशी मी मार्करने मोठा बाण काढून ठेवलाय.