फी जिमखान्याची, बैठक एस.टी.च्या थांब्यावर

महाविद्यालयात प्रवेश घेताना फीच्या पावतीवर जी अनेक शीर्षके असतात, त्यांत ‘जिमखाना’ हे एक हमखास असते. परळी तालुक्यातील सिरसाळ्याच्या पंचक्रोशीतून, वाड्यातांड्यांवरून शिकावयास येणारा विद्यार्थी ही रक्कम निमूटपणे भरतो. तास संपल्यावर मात्र तो बसतो कोठे? एस.टी.च्या थांब्यावर, नाही तर चहाच्या टपरीवर. विद्यार्थिनींना तर टपरीही वर्ज्यच. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप कारखान्यावर, घरी म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे. अशा घरात वाचीत बसण्याजोगा कोपरा असतो असे समजणे हा शहरी भाबडेपणा होय.

वर्गाबाहेर एकत्र येण्यासाठी विद्यार्थ्यांना हक्काची जागा हवी, ही कल्पना कोणा समाजवाद्याच्या डोक्यातून निघालेली नाही. एकोणिसाव्या शतकातील सत्ताधारी वर्गाने ती आपल्या मुलांसाठी अमलात आणली. ऑक्सफर्ड येथे १८२३ साली विद्यार्थ्यांची युनियन निघाली. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन विद्यार्थिदशेत तिचे अध्यक्ष होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ साली ह्यूस्टन हॉल उभा राहिला, त्यात वाचनकक्षापासून पोहण्याच्या तलावापर्यंत सर्व सोय होती. ही घरे सर्वांची नव्हती. ऑक्सफर्डच्या युनियनने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते १९६३ साली! परंतु राज्य चालविण्याचे शिक्षण वर्गापेक्षा अशा दिवाणखान्यांतच अधिक मिळते, हे त्या वर्गाला नेमके उमगले होते.

आपल्याकडे इंग्रजांनी आणली ती परीक्षा. दिवाणखाना त्यांनी स्वतःकडेच ठेवला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी कचेरी म्हणून. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदानाचे सभागृह झाले, प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर. विद्यार्थ्यांना वेळ दाखविणारे घड्याळ मिळाले, वेळ घालविण्याची जागा मिळाली नाही. १८७५ साली जवळच्याच मैदानावर बॉम्बे जिमखाना निघाला, तो गोऱ्यांसाठी. पुढे पारशी, मुसलमान आणि हिंदू यांचे जिमखाने वेगवेगळे झाले. ज्याच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ सामने जिंकी, त्या चर्मकार समाजातील पालवणकर बाळूला पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांपासून वेगळे बसवून वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई.

याच मुंबईत, विद्यापीठ निघण्यापूर्वीच, एक निराळी गोष्ट घडून गेली होती. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचावे, त्यांवर वाद घालावा एवढाच उद्योग. परंतु एकत्र बसलेली तरुण मने तेवढ्यावर थांबली नाहीत. १८४९ साली दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या, स्वतः विनावेतन शिकविले. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. जेथे अध्यापकांच्याच जागा रिकाम्या आहेत तेथे हे चोचले कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. या तरुणांकडे बिलियर्डचे टेबल नव्हते. बसावयास जागा आणि बोलावयास मोकळीक होती.

मराठवाड्याच्या वाट्याला तर परीक्षाही उशिरा आली. १९१८ सालचे उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत, तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ साली. त्यानंतर महाविद्यालये गावोगाव पोहोचली, ही मोठीच मजल होय. परंतु त्यांच्याबरोबर गेले ते मुंबईचेच १८५७ सालचे चित्र: प्रवेश, परीक्षा, गुणपत्रिका.

सिरसाळ्याच्या विद्यार्थ्यासाठी कोणी पोहण्याचा तलाव मागत नाही. शेवटच्या एस.टी.पर्यंत उघडी राहणारी एक खोली, चार वर्तमानपत्रे, दोन कॅरम, पिण्याचे पाणी, विद्यार्थिनींना बरोबरीचा प्रवेश आणि किल्ली विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीकडे, एवढीच ही मागणी आहे. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न निघेलच. तो आधीच भरलेला आहे. विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण महाविद्यालयांतून जिमखाना फीच्या जमाखर्चाची लेखी मागणी करावी आणि मिळालेला हिशेब सूचनाफलकावर लावावा.