जखमी एक, वर्ग चार

धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीजवळ एक दुचाकीस्वार पडला, असं समजा. १०८ची रुग्णवाहिका येते. गाडीत पायलट म्हणजे चालक आणि डॉक्टर, तोही बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. जालन्याला कॅज्युअल्टीत सिस्टर पुढं येतात, मग एमबीबीएसवाला डॉक्टर. पुढं पाय हलवायला फिजिओथेरपिस्ट. पायलट सोडला तर या साऱ्यांच्या पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असू शकतात. १९९८पासून छप्पर एकच आहे, पण शिकताना एका बाकावर बसल्याचं यातल्या फार थोड्यांना आठवेल. जखमी मात्र 'कसं पडलात?' याचं उत्तर चौघांना चार वेळा देतो, शुद्धीवर असला तर!

म्हणून या विद्यार्थ्यांना काही भाग एकत्र शिकवावा, अशी मागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१०मध्ये त्याचा आराखडाही दिला. त्यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं, की पाण्यात पडलं की पोहता येतं. नोकरीला लागले की जमेल. जमतं हो, पण तोवर गटांगळ्या खातो तो पेशंट.

दुसरे म्हणतात, सिस्टर डॉक्टरला प्रश्न विचारू लागली तर शिस्त राहायची नाही. घाईत चुकून दहापट डोस लिहिला गेला, तर शेवटचा अडसर सिस्टरच असते. शिकताना जिचा डॉक्टरीच्या पोरांशी कधी संबंधच आला नाही, ती रात्री दोनला 'सर, हा डोस एकदा बघता का?' म्हणायला कचरते. त्या गप्प बसण्याला शिस्त म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: पुरावा दाखवा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या एकत्र शिक्षणावरच्या २०१३च्या आढाव्यात १५ अभ्यास होते. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र, चारांत काहीच फरक नाही. हे मी झाकून ठेवणार नाही. पण एवढ्यावरून 'नकोच' म्हणणं म्हणजे वजनकाटा खराब म्हणून ऊस पेटवून देणं. आपला काटाच तपासा. एकत्र शिक्षणाची कार्यशाळा संपली की चहा-बिस्किटांसोबत एक फॉर्म फिरतो: आवडलं का, पाचपैकी गुण द्या. सगळे चार-पाच देतात. चहा बरा असतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. शिकवणी कशी वाटली यावर ते थांबले नाहीत. त्यांनी बाळांचे मृत्यू मोजले. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. ते एकत्र शिक्षणाचं उदाहरण नाही, मान्य. मोजायचं कुठं, ते मात्र तिथूनच शिकावं.

जालन्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४मध्ये १०० जागा मिळाल्या. तिथल्या मुलांनी नर्सिंग आणि आयुर्वेदाच्या मुलांना सोबत घेऊन महामार्गावरचा एकेक जखमी १०८पासून खाटेपर्यंत पाहावा. गुण दोनच गोष्टींना द्यावेत: जखमीला आपली हकीकत किती वेळा सांगावी लागली आणि गाडीत दिलेल्या औषधाची नोंद वॉर्डात पोचली का. ही पहिली तुकडी २०२९मध्ये इंटर्न म्हणून कॅज्युअल्टीत उभी राहील.