मनगटाचा बहाणा

गेल्या पावसाळ्यात बाइक घसरली आणि माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघालं, तरी गिटार कपाटावरच. ‘आता बोटं वळत नाहीत रे’, हे माझं ठरलेलं उत्तर. खरं सांगू? मनगट केव्हाच बरं झालं होतं. पूर्वीसारखं वाजलं नाही तर, ही भीती होती.

मग ज्युलियन ब्रीम भेटला. म्हणजे हेडफोनमधून! हा लंडनचा क्लासिकल गिटारिस्ट, जन्म १९३३चा. तेराव्या वर्षी स्टेजवर. पुढे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला, तर तिथे गिटार हा विषयच नाही! मग वर्गात पियानो आणि गिटार आपली आपण. याच ब्रीमसाठी बेंजामिन ब्रिटनने १९६३ साली ‘नॉक्टर्नल’ लिहिलं. आज जगभरचे गिटारिस्ट ते वाजवतात.

१९८४मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, कार अपघातात त्याचं उजवं कोपर मोडलं. उजवा हात म्हणजे तारा छेडणारा! मी असतो तर गिटार विकून मोकळा झालो असतो. हा गडी पुन्हा रियाजाला बसला, त्या हाताला सगळं नव्याने शिकवलं आणि २००२पर्यंत मैफली केल्या. २०२०मध्ये तो गेला.

तर दोस्तहो, काल गिटारवरची धूळ झटकली. तारा जुळवल्या. साधी सी मेजर स्केल, तीनदा अडखळलो. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

असू दे. आज पुन्हा बसणार आहे.