पट्ट्याचं सहावं भोक

रात्री मेसच्या रांगेत उभे असाल तेव्हा एक निरीक्षण जरूर करा. पुढच्या माणसाच्या कमरेकडे बघा. (कृपया गैरसमज नको!) पट्टा दुकानातून येतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा पाच भोकं असतात, एकमेकांपासून साधारण इंचभर अंतरावर, गोल आणि एका रेषेत. सहावं जे असतं ते आपलं. ते रेषेच्या जरा खाली किंवा वर असतं, त्याच्या कडा फाटलेल्या असतात, आणि काही वेळा त्याच्याभोवती जळल्याचा काळा डागही असतो. कंपासचं टोक, खिळा आणि दगड, सोल्डरिंग गन... होस्टेलमध्ये हत्यारांना तोटा नाही.

सहाव्या भोकाची गरज का पडते हे सांगायला नकोच. आई-बाबा पट्टा घेतात वाढत्या अंगाचा, आणि मेसचं जेवण अंग वाढवतं उलट्या दिशेला. मुलींचं तर विचारूच नका. लेडीज बेल्ट म्हणून बाजारात बहुतेक वेळा मिळतं ते बोटभर रुंदीचं रेक्झिन, जीन्सच्या लूपमध्ये ते हरवूनच जातं. म्हणून आम्ही भावाचा नाहीतर बाबांचा जुना पट्टा ढापतो. तो दणकट असतो, पण त्याचं शेपूट पार पाठीपर्यंत जातं.

माझं म्हणणं एवढंच, की इंजिनिअर म्हणवणाऱ्यांनी इतकं वाईट भोक पाडू नये. आणि आपण ते पाडतो याचं कारण नुसता आळस आहे, असं मला वाटत नाही. त्या कारणाकडे नंतर येते. आधी भोकाबद्दल.

कर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९८ मध्ये दाखवून दिलं, की रुंद पत्र्यात लहान गोल भोक असेल आणि पत्रा ओढला, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. हे आपण परीक्षेत लिहितो आणि मार्क मिळवतो. गोल भोकाला तिप्पट, मग आडव्या चिरेच्या टोकाला किती? चामडं म्हणजे काही पत्रा नव्हे, ते कोलाजेनच्या तंतूंचं गुंतलेलं जाळं आहे, त्यामुळे तीनचा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही हे मान्य. पण खिळ्याने काय होतं ते बघा. खिळा चामडं काढत नाही, तंतू नुसते बाजूला सारतो. खिळा काढला की भोक परत आक्रसतं. मग त्यात बक्कलचा काटा जबरदस्तीने घुसवायचा, रोज ओढायचा, आणि दोन महिन्यांत भोकाची चीर होते. सोल्डरिंग गनचं तर आणखी वाईट. उष्णतेने चामडं आकसतं आणि कडक होतं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ओढ बसणार तिथेच आपण ते ठिसूळ करून ठेवतो. वास येतो तो वेगळाच! पट्टा वरून चामड्यासारखा दिसणारा आणि आतून भुसा चिकटवलेला असेल, तर त्याचं वरचं कातडं तिथूनच सोलायला लागतं.

भोक पाडायचं तर पोकळ पंचने. पंच गोल तुकडा कापून बाहेर काढतो, कड स्वच्छ राहते. खाली लाकडाचा ठोकळा, वर हातोडीचा एकच नीट घाव. किंवा फिरत्या चक्राची पक्कड मिळते, तिला दोनपासून साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळ्या असतात. किंमत काहीशे रुपये. एका विंगने मिळून घेतली तर वडापावच्या खर्चात पडेल.

पण खरं सांगायचं तर पट्टा इंचापेक्षा जास्त सैल असेल, तर भोक पाडणं हा उपायच नव्हे. पट्टा कापायचा, आणि कापायचा तो बक्कलकडून. टोक कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. टोक कापल्याने शेपूट कमी होतं, पण भोकं आहेत तिथेच राहतात, म्हणजे सैलपणा तेवढाच. वर टोकाचा छान गोलावा गेला तो गेलाच. आमच्या गेटबाहेर बसणारे काका याला "बोडका पट्टा" म्हणतात.

हिशोब सोपा आहे. पट्टा बसायला हवा मधल्या, म्हणजे तिसऱ्या भोकावर. पट्ट्याचं माप सहसा बक्कलपासून त्याच भोकापर्यंत मोजतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं दिवाळीसाठी आणि सबमिशनसाठी. आता तुम्ही पाडलेल्या सहाव्या भोकापासून तिसऱ्यापर्यंत अंतर मोजा. तीन इंच भरलं, तर बक्कलकडून तीन इंच कापा. अनेक पट्ट्यांच्या बक्कलमागे एक किंवा दोन स्क्रू असतात, ते काढले की बक्कल सुटं होतं. काहींना दातांची क्लिप असते, ती स्क्रूड्रायव्हरने उचकटायची, पट्टा कापायचा, क्लिप परत दाबायची. पाच मिनिटांचं काम.

शिवलेला असेल तर मात्र खरी गंमत. टाके ब्लेडने उसवायचे, जिथे नवी घडी येणार तिथे काट्यासाठी लांबट खाच करायची. ही खाच काका कशी करतात ते मी उभी राहून पाहिलं. आधी दोन टोकांना दोन गोल भोकं, मग मधला भाग सरळ कापून काढायचा. मी विचारलं, "काका, सरळ चौकोनीच का नाही कापत?"

"कोपऱ्यातून फाटतं ना ताई."

भेगेच्या टोकाशी गोल भोक पाडलं की भेग पुढे जायची थांबते, हे आम्हाला पूर्ण एका लेक्चरमध्ये शिकवलं होतं. काकांनी चार शब्दांत उरकलं. मग त्यांनी रापीने घडीच्या जागेचं चामडं मागून तासून पातळ केलं, कारण जाड चामडं दुमडलं की घडीला फुगतं आणि बाहेरून तडकतं. मग आरीने भोकं, मेणवलेला दोरा, दोन्हीकडून टाका. पट्टा असा झाला की कुठे कापला ते सांगता येईना.

रापी आणि आरी. हे दोन शब्द मला विसाव्या वर्षी कळले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मोच्यावरची इंग्रजी राइम पाठ करून घेतली होती, पण त्याच्या हातात काय असतं ते मराठीत कुणी सांगितलं नाही. बरं, हा दोष एकट्या कॉन्व्हेंटचा नाही. मराठी मीडियमच्या मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही येईना. वर्कशॉपमध्ये आपण फिटिंग करतो, सुतारकाम करतो, भट्टीत लोखंड लाल करून ठोकतो. लोहार होतो, सुतार होतो. चामड्याला मात्र हात लावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सिलॅबसमध्ये नाही, म्हणून. मला वाटतं, गोष्ट त्याहून जुनी आहे. आपल्याकडे चामड्याला कुणी हात लावायचा हे जातीने ठरवलं, आणि लावणाऱ्यालाच विटाळाचं मानलं. तो भेदभाव कायद्याने गुन्हा आहे, पण सवय बोटांत राहिली आहे. अनेक देवळांत जाताना आपण पट्टा बाहेर काढून ठेवतो, आणि आत मृदंग चालू असतो, ज्याची पुडी चामड्याची आणि वादीही चामड्याची! पट्टा सैल झाला की "टाक ना मोच्याकडे" म्हणतो, त्यातल्या "टाक"कडे कुणाचं लक्षही जात नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आमच्या विंगमध्ये सगळ्या चिडल्या होत्या. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाल्याचे दाखले दिले गेले. चिडणं बरोबरच होतं. पण त्या चपलेची एक वादी तरी आपल्याला ओवता येते का, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते. तुरुंगात असताना स्वतः बनवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये ज्यांनी तुरुंगात टाकलं त्या जनरल स्मट्सनाच भेट दिला, आणि स्मट्स यांनी तो १९३९ मध्ये परत पाठवला. बॅरिस्टरला जे जमलं ते बी.ई.वाल्यांना जमू नये?

यावर एका मैत्रिणीचा प्रश्न होता, सगळ्यांनी घरीच पट्टे कापले तर काकांनी खायचं काय? प्रश्न चांगला आहे. पण सध्या तरी काकांचं गिऱ्हाईक पळवतोय तो कंपास आणि सोल्डरिंग गन. एकदा शिवलेलं बक्कल नीट कसं बसतं हे पाहिलं, की माणूस ते काम दहा रुपयांसाठी घासाघीस न करता त्यांच्याकडेच देईल. स्क्रूवालं घरी करेल. मी तरी तेच करते.

म्हणून प्राचार्य सरांना आणि वर्कशॉपच्या सरांना माझी विनंती आहे. सेमिस्टरमधली एकच दुपार द्या. काकांना बोलवा, प्रेक्षणीय वस्तू म्हणून नव्हे तर त्या दुपारचे शिक्षक म्हणून, आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्या लेक्चररना जे मानधन देता तेच त्यांना द्या. प्रत्येकाने आपला सैल पट्टा आणावा. वर्कशॉपसाठी एक पंच सेट, एक रापी, दोन आऱ्या घ्या. कुठल्या कपाटात ठेवायचं ते सरांनी ठरवावं. फक्त कपाटाची किल्ली रात्री होस्टेलच्या वॉचमनकाकांकडे असू द्या, कारण पट्टा सैल झालाय हे आपल्याला इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री अकरा वाजताच कळतं.