मनगटाची नोंद

मोटार विकत घेणारा गृहस्थ विक्रीच्या दालनात शिरला की प्रथम रंग पाहतो, मग इंधनाचा हिशेब विचारतो, आणि अखेरीस दार उघडून आसनावर बसतो व दोन्ही तळव्यांनी गादी दाबून पाहतो. त्या गादीवरचे कापड किंवा कृत्रिम चामडे एकही सुरकुती न पडता, शिवणीची रेघ सरळ राखून, कानाकोपऱ्यांत इतके चपखल कसे बसले, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही, आणि उद्भवलाच तर हेही कुठल्याशा यंत्राने केले असणार, अशी तो आपली समजूत घालून घेतो. ही समजूत अर्धीमुर्धीच खरी आहे. मोटारीचा सांगाडा यंत्रमानव जोडतात, रंग यंत्रमानव फवारतात, समोरची अवजड काचही पुष्कळ ठिकाणी यंत्रमानवच उचलून बसवतो. परंतु आसनावर कव्हर चढवण्याचे काम, पुण्याजवळचे चाकण असो की जर्मनी-जपान, आजही मुख्यतः माणसाच्या बोटांनी आणि मनगटांनीच पार पडते. पोलादाचा पत्रा कालच्यासारखाच आजही असतो, म्हणून यंत्राला तो उमजतो. कापड दर खेपेला निराळे पडते, निराळे ताणते, थंडीत आखडते नि उन्हात सैलावते, आणि त्याचा हा लहरीपणा ओळखून क्षणोक्षणी ओढ कमीजास्त करणे अजून तरी माणसाच्याच हाताला साधते.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. आसनाची गादी म्हणजे साच्यात फुगवलेला पॉलियुरेथेनचा फोम. फुगवतानाच त्याच्या पोटात, खाचांच्या तळाशी, पोलादी तारा पुरून ठेवलेल्या असतात. कव्हराच्या उलट बाजूस शिवणींच्या अंगाने अरुंद नेफे शिवलेले असून त्यांतही तारा ओवलेल्या असतात. खाचेतली तार आणि नेफ्यातली तार एकमेकींशी भिडवायच्या आणि हॉग रिंग नावाची उघड्या तोंडाची कडी दोहोंभोवती दाबून मिटवायची, म्हणजे कापड खाचेत खोल ओढले जाते आणि गादीला तो रेखीव उंचसखल आकार येतो. कड्या मारून झाल्या की कव्हराच्या कडेला शिवलेली प्लॅस्टिकची आकडेदार पट्टी खाली ओढून फ्रेमच्या कडेखाली अडकवायची. यातली मेख अशी की, आवरण तंग दिसावे म्हणून ते मुद्दामच गादीपेक्षा किंचित आखूड बेततात. तेव्हा तंग अभ्र्यात फुगीर उशी कोंबणाऱ्या गृहिणीचा जो क्षणभराचा त्रागा, तोच या कामगाराच्या वाट्याला शिफ्टभर येतो, आणि शेवटची बोटभर पट्टी आकड्यापर्यंत पोचवताना त्याचा अंगठा, मनगट आणि कोपर एकवटून जोर लावतात. असे एका आसनापुरते करणे ही कसरत झाली. परंतु मोटारकारखान्याच्या लाइनवर ज्या क्रमाने मोटारी येतात त्याच क्रमाने, त्याच रंगाची व त्याच दर्जाची आसने ऐन वेळी तेथे पोचावी लागतात. त्यासाठीच आसनांचे पुरवठादार मोटारकारखान्यांच्या आसपास वसलेले असतात, आणि पुढच्या लाइनची घाई विनाविलंब मागच्या मनगटात उतरते.

पूर्वी हे असे नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होत्या त्या काळी आसनात स्प्रिंगा असत, काथ्या असे, वर रेक्झिन. आणि ते फाटले की कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘कुशन वर्क्स’ अशी पाटी लावून बसलेला कारागीर दोरा-दाभण घेऊन, मधूनमधून चहा पीत, निवांत नवे रेक्झिन चढवून देई. 1937 साली जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर हा रसायनशास्त्रज्ञ व त्याचे सहकारी यांनी पॉलियुरेथेनचे रसायन सिद्ध केले, पुढे त्यापासून मऊ फोम निघाला, आणि साच्यातून एकसारख्या गाद्या काढता येऊ लागल्यावर कव्हर चढवणे ही कारागिरी न राहता मिनिटांत मोजायची क्रिया झाली. 2009 साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, त्यामागोमाग महिंद्रही तेथे आले, आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे ते गाव मोटारींच्या सुट्या भागांचे पेठगाव बनले. त्या पेठेत ट्रेनी आणि कंत्राटी या दोन नावांखाली मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली हजारो तरुण मुले राबत आहेत.

आता यंत्रांकडे वळू. गादीला वरून दाबून धरणारे, हवेच्या दाबावर चालणारे साधे दाबयंत्र मिळते; फोम दाबला की आखूड कव्हराला तेवढी सैल जागा मिळते आणि पट्टी फारसा जोर न लावता आकड्यात जाते. कड्या मिटवण्यासाठी हवेवर चालणारी गन आहे. आसन पालथे-उताणे करण्यासाठी फिरते फिक्स्चर आहे, म्हणजे कामगाराला वाकावे लागत नाही. पाठीचे कव्हर फोमवरून सहज सरकावे म्हणून मध्ये घालायचा गुळगुळीत पातळ प्लॅस्टिकचा पडदा आहे. कव्हर आधी उबवून नरम करण्याची सोय आहे, आणि शेवटी सुरकुत्या घालवण्यासाठी वाफ व गरम हवा आहेच. यांपैकी एकही वस्तू विज्ञानाचा चमत्कार नव्हे. एक सिलिंडर, एक पोलादी चौकट, दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या कळा (म्हणजे हात आत असताना यंत्र खाली येणार नाही) आणि कम्प्रेसरची नळी, एवढ्यावर त्यांतले मुख्य यंत्र उभे राहते. भोसरीचा कोणताही बरा वर्कशॉपवाला ते बनवून देईल. तरीही नव्या यंत्राचा प्रस्ताव निघाला की पहिला प्रश्न येतो तो किती माणसे कमी होतील हा, आणि एकही कमी होणार नाही असे उत्तर मिळाले की तो कागद दप्तरात परत जातो. गुंतवणूक कशातून भरून निघायची, याचा जमाखर्च मजुरीच्या रकान्यात मांडला जातो. मनगटाचा रकाना त्या वहीत मुळात आखलेलाच नाही.

तो का आखलेला नाही, याचे उत्तर कारखान्याइतकेच सरकारी दप्तरातही आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात ज्या व्यवसायजन्य रोगांची खबर अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक होते, अशा 29 रोगांची फेरिस्त दिलेली होती. तीत शिसे होते, पारा होता, कापसाच्या धुळीने जडणारा फुफ्फुसाचा विकार होता, आवाजाने येणारे बहिरेपण होते. इतकेच काय, ज्या आयसोसायनेट वर्गातील रसायनांपासून आसनाचा फोम तयार होतो त्यांची विषबाधाही तीत स्वतंत्र कलमाने नमूद होती. म्हणजे एकाच आसनाच्या निर्मितीत फोम फुगवणाऱ्याचा श्वास कायद्याला ऐकू येतो आणि त्याच फोमवर कव्हर ओढणाऱ्याचे मनगट त्याला दिसत नाही. 2020 साली संसदेने संमत केलेल्या आणि त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही यादी जवळजवळ तशीच पुढे चालवली. वास्तविक रामाझिनी या इटालियन वैद्याने कारकुनांच्या हाताला सततच्या लेखनाने येणाऱ्या दुखण्याचे वर्णन 1713 मध्येच करून ठेवले होते, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या सुधारित यादीत मनगटाच्या नसेवर दाब पडून हाताला मुंग्या येणे, अंगठ्याच्या बाजूचा स्नायुबंध सुजणे, हे विकार नावानिशी नोंदलेले आहेत. आमच्याकडे मात्र कामगार ‘हात भरून आलाय’ म्हणतो, रात्री बाम चोळतो, झोपेत बधिर झालेला पंजा झटकून जागा करतो, आणि कंत्राटाची मुदत संपली की ते दुखणे घेऊन गावी जातो. ज्या दुखण्याची खबर द्यायची नाही त्याची गणती होत नाही, आणि गणतीच्या अभावी ते दुखणे नाहीच, असे बिनदिक्कत सांगता येते.

यंत्राने रोजगार जाईल, ही भीती निराधार नाही. परंतु ती या यंत्राला लावणे गैर आहे. वर वर्णिलेले दाबयंत्र माणसाशिवाय एक इंचही काम करीत नाही, ते केवळ जोर आपल्याकडे घेते आणि नजर व ओढ माणसाकडे ठेवते. मला खरी धास्ती वाटते ती निराळीच. दाबयंत्र आले की आसनामागे थोडे सेकंद वाचतात, आणि ते सेकंद मनगटाला विसावा म्हणून न देता लाइनचा वेग वाढवण्यात खर्च झाले, तर पूर्वी दहा वेळा जोराने होणारी हालचाल आता पंधरा वेळा कमी जोराने होईल आणि नस तशीच सुजेल. गनचेही तेच, कारण तिचे वजन आणि प्रत्येक कडीचा हिसका पुन्हा त्याच हाताला सोसावा लागतो. म्हणून यंत्राची मंजुरी आणि आसनांची कमाल संख्या यांचा ठराव एकाच बैठकीत व्हावयास हवा, आणि त्या बैठकीस कंत्राटी कामगारांचाही प्रतिनिधी हवा.

जाता जाता ग्राहकाविषयी एक तक्रार. इतक्या कष्टाने चढवलेले कव्हर घरी येण्याआधीच पुष्कळ मालक त्यावर बाजारातून आणखी एक कव्हर चढवून घेतात, मूळचे ‘खराब होऊ नये’ म्हणून, आणि पुढे मोटार विकेपर्यंत ते मूळचे पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या मोटारींत आसनाच्या कुशीत एअरबॅग बसवलेली असते तेथे ती कव्हर फाडून बाहेर यावी म्हणून एक शिवण मुद्दाम, मोजून मापून, नाजूक ठेवलेली असते; तीवर जाड रेक्झिन ताणणे हा काटकसरीचा सर्वांत महागडा प्रकार होय.

मनगटाच्या दुखण्यावरचा उपाय फार दूरचा नाही. केंद्राने संहितेतल्या रोगांच्या यादीत एक ओळ वाढवावी. तोवर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आसनांच्या कारखान्यांतून मनगट, अंगठा आणि खांदा यांची तपासणी वर्षातून एकदा सक्तीने करवून तिचा तक्ता मागवावा, आणि त्या तपासणीतून कंत्राटी व ट्रेनी यांना वगळण्याची पळवाट ठेवू नये. उरला खर्चाचा प्रश्न. मोटारकंपन्या पुरवठादारांकडून दरवर्षी दरकपात मागतात आणि आसनावर सुरकुती दिसली की माल परत पाठवतात; सुरकुतीइतकीच मनगटाचीही पाहणी त्यांच्या तपासनिसाने करावी, आणि दाबयंत्रांची किंमत दरकपातीच्या हिशेबातून वगळून मोटारकंपनीने स्वतः सोसावी.