काळ्या-पांढऱ्या जर्सीची वफा



फुटबॉलवर काहीतरी लिहा, अशी फर्माईश गेले काही महिने आमच्याकडे होत आहे. गंमत म्हणजे ती करणारी मुले नाहीत, मुलांच्या आया आहेत. रात्री साडेबारा-एकला सुरू होणारा युरोपातला सामना, फजरला हाका मारमारून उठवलेला मुलगा, आणि त्याचा क्लब हरला असेल तर दिवसभर घरात घुमेपणा. वर्गातही आम्ही हेच पाहतो. सोमवारी सकाळी कोणाचे तोंड उतरले आहे त्यावरून रविवारी कोण हरले ते समजते. आया विचारतात, ज्या खेळाडूंना याने कधी प्रत्यक्ष पाहिले नाही, ज्यांचे शहर याला नकाशात पटकन दाखवता येणार नाही, त्यांच्यासाठी हा जेवणाचे ताट बाजूला सारतो, हे कसले वेड?

वेड आहेच. पण ते कसे आहे आणि माणसाला कुठे नेते, हे समजायचे तर एका क्लबची कहाणी ऐकायला हवी. हा क्लब युरोपातला नाही, आपल्या कोलकात्याचा आहे. नाव मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब, स्थापना 1891, जर्सी काळी-पांढरी.

इंग्रजांच्या अमदानीत कलकत्ता फुटबॉल लीगला मोठा मान होता. 1898 साली ही लीग सुरू झाली आणि 1933 पर्यंत ती गोऱ्यांच्याच संघांनी जिंकली. 1911 साली मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड मिळवली होती, त्या विजयाने सारा देश आनंदला होता. पण शील्ड ही बाद पद्धतीची स्पर्धा. लीगमध्ये महिनोन्‌महिने खेळून सगळ्यांच्या वर राहावे लागते. ते कोणा हिंदी संघाला जमले नव्हते.

1934 साली मोहम्मडन स्पोर्टिंग नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. क्लबच्या कारभाऱ्यांनी दोन गोष्टी ओळखल्या. एक, चांगला खेळाडू कलकत्त्यातच सापडेल असे नाही. म्हणून त्यांनी बंगलोरपासून क्वेट्ट्यापर्यंत शोध घेऊन खेळाडू आणले. दुसरी, लीग भर पावसाळ्यात चालते. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय चपळ असतात, पण चिखलात घसरतात आणि तिथे बूटवाल्या गोऱ्यांचे फावते. म्हणून ओल्या मैदानावर बूट घालून खेळायचा सराव त्यांनी खेळाडूंकडून करून घेतला. त्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली. पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच वर्षी! आणि तिथे न थांबता 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे जिंकली.

त्या दिवसांची कल्पना करून पाहा. शिक्षणात मागे, नोकरीत मागे, व्यापारात मागे, असे ज्या समाजाला रोज ऐकावे लागत होते, त्याची मुले राज्यकर्त्यांच्या पलटणींना त्यांच्याच खेळात हरवत होती. गोदीतला हमाल, विडी कारखान्यातला कामगार, खानसामा, शाळामास्तर असे सगळे मैदानाच्या कडेला एका रांगेत उभे राहू लागले. क्लबचा पाठीराखा होणे म्हणजे काय, ते या रांगेत समजते. स्वतःच्या आयुष्यात जे मिळाले नाही ते अकरा जणांच्या पायांतून थोडे थोडे मिळत जाते.

याच संघातला मोहम्मद सलीम 1936 साली स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबमध्ये त्याने आपला खेळ दाखवला. बुटांची सवय नसलेल्या सलीमच्या पायांना तिथल्या जिमी मॅकमेनेमी यांनी पट्ट्या बांधून दिल्या आणि त्या पट्टीबांधल्या पायांनी त्याने राखीव संघाचे दोन सामने गाजवले. सलीमला घरची ओढ लागली म्हणून तो परत आला. म्हातारपणी तो आजारी पडला तेव्हा त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिले. क्लबने उत्तर पाठवले, सोबत 100 पौंडांचा ड्राफ्ट. क्लब आपल्याला विसरला नाही, याचेच त्या घराला अप्रूप. ड्राफ्ट त्यांनी जपून ठेवला. आमच्या मते पैशापेक्षा त्या पत्राची किंमत मोठी होती.

1940 साल म्हणजे या कहाणीतली सर्वांत उंच जागा. त्या वर्षी संघाने लीग जिंकली. आपल्या मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. आणि दिल्लीत रॉयल वॉरविकशायर पलटणीला 2-1 हरवून ड्युरंड चषकही जिंकला. 1888 पासून चाललेली ती लष्करी स्पर्धा एखाद्या हिंदी नागरी संघाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

इथवरची गोष्ट सांगताना छाती फुगते. पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण खरी परीक्षा तिथे सुरू होते.

विजय जसजसे वाढले तसतसा क्लब हा केवळ क्लब राहिला नाही. त्याच्या जिंकण्या-हरण्यात लोक साऱ्या कौमची जीत आणि हार पाहू लागले. बाहेरच्या राजकारणात दोन समाज एकमेकांपासून दूर जात होते, त्याची आच मैदानालाही लागली. गोल झाला की घोषणा कोणाविरुद्ध द्यायची, हे ठरू लागले. तरी मैदानावरचे जग इतके सरळ नव्हते. 1939 साली फुटबॉल संघटनेच्या कारभाराला कंटाळून मोहम्मडन स्पोर्टिंग लीगमधून बाहेर पडला तेव्हा त्याच्यासोबत ईस्ट बंगाल आणि कालीघाट हे क्लबही बाहेर पडले. त्या दोन क्लबांचे बहुसंख्य खेळाडू आणि चाहते हिंदू होते. अन्याय समान वाटला तेव्हा ते एकत्र उभे राहिले. ही आठवण इतिहासाच्या कोपऱ्यात पडून राहते, म्हणून मुद्दाम सांगितली.

मग 1947 आले. फाळणीने घरे फुटली, तसा हा क्लबही फुटला. किती खेळाडू आणि किती चाहते सीमेपलीकडे गेले. जे राहिले त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. आता या क्लबचे काय उरणार, असे कोणालाही वाटले असते. आणि 1948 साली मोहम्मडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग पुन्हा जिंकली! आम्हाला हा विजय 1934 पेक्षाही मोठा वाटतो. 1934 चा संघ गोऱ्यांना हरवून पुढे आला होता. 1948 च्या संघाला, आम्ही इथलेच आहोत आणि इथेच खेळणार आहोत, हे खेळूनच सांगायचे होते.

त्यानंतर मात्र उतार लागला. लीग मिळाली ती 1957 साली, मग दहा वर्षांनी 1967 साली, मग चौदा वर्षांनी 1981 साली. 1983 आणि 1984 चा फेडरेशन चषक मिळाला, तेव्हा जुने दिवस परत आले असे वाटले. ते आले नाहीत. पैसा कमी पडत गेला, कारभारात ओढाताण होत राहिली, चांगले खेळाडू मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडे जात राहिले. 2013 साली ड्युरंड चषक जिंकला, तब्बल 73 वर्षांनी. लोकांनी मिठाई वाटली. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2014 मध्ये, पैशाअभावी वरिष्ठ संघ बंद करण्याची घोषणा झाली. चाहते हबकले. ती वेळ कशीबशी निभावली आणि संघ टिकला.

आता हिशेब करा. 1981 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा अब्बांच्या खांद्यावर बसून लीगचा विजय पाहतो. पुढचा विजय यायला 2021 साल उजाडते. तोवर तो पन्नाशीला पोहोचलेला असतो. मधली चाळीस वर्षे दर पावसाळ्यात मैदानावर जायचे, हरून परत यायचे, दोस्तांचे टोमणे ऐकायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जायचे. क्लब बदलण्यापासून कोणी अडवले नव्हते; शेजारीच दोन मोठे क्लब जिंकत होते. तरी तो बदलत नाही. आमच्या भाषेत याला वफा म्हणतात. जिंकणाऱ्याच्या मागे जायला वफा लागत नाही.

18 नोव्हेंबर 2021 रोजी सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर रेल्वेच्या संघाविरुद्ध गोल झाला, 1-0 ने लीग मिळाली आणि पन्नाशीची माणसे लहान मुलांसारखी रडली. तो गोल करणारा खेळाडू होता मार्कस जोसेफ, त्रिनिदादचा. 2022 आणि 2023 ची लीगही आली. मग 6 एप्रिल 2024 रोजी, रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, शिलाँगमध्ये शिलाँग लाजोंगला 2-1 हरवून संघाने आय-लीग जिंकली. क्लबची ही पहिलीच राष्ट्रीय लीग. त्या संघाचा प्रशिक्षक रशियन होता; मिझोरामची ख्रिस्ती मुले होती, उझबेकिस्तानचा, अर्जेंटिनाचा, होंडुरासचा खेळाडू होता. एके काळी या संघात फक्त मुसलमान खेळाडू असत. 1960 नंतरच्या काळात दार सर्वांना उघडले. नाव तेच राहिले, चंद्रकोर तीच राहिली, आणि चंद्रकोरीसाठी घाम गाळणारे पाय जगभरातून आले. ज्यांना क्लब म्हणजे कौमचा किल्ला वाटतो, त्यांनी या विजयाचा फोटो एकदा नीट पाहावा.

त्या विजयाने देशातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगचे दार उघडले. ईदचा आनंद दुप्पट झाला. आणि पुढच्या हंगामात काय झाले? 24 सामन्यांत 2 विजय, 7 बरोबरी, 15 पराभव. तेरा संघांत तेरावा क्रमांक. एका सामन्यात ईस्ट बंगालचे दोन खेळाडू अर्ध्या तासातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, समोर नऊच जण उरले, तरी आपल्याला एक गोल करता आला नाही, सामना 0-0. चाहत्याच्या मनाचे त्या रात्री काय झाले असेल! आणि हंगाम अर्ध्यावर असताना, तीन महिन्यांचा पगार मिळाला नाही, असे सांगून तोच विजयी प्रशिक्षक सोडून गेला.

इथे आम्हाला थोडे कडक बोलायचे आहे. हार ही शरमेची गोष्ट नाही. खेळात कोणीतरी हरणारच. ज्याने मेहनत केली त्याला मोबदला वेळेवर न मिळणे ही मात्र शरमेची गोष्ट आहे, मग तो प्रशिक्षक असो, खेळाडू असो की आपल्या घराला रंग देणारा कारागीर. मजुराच्या हक्काबाबत आपला दीन किती काटेकोर आहे, हे आपल्या घरातली मुलेही जाणतात. चाहत्याने हरलेल्या संघाला शिव्या देण्यापेक्षा कारभाऱ्यांना या हिशेबाचा सवाल करावा. वफा म्हणजे डोळे मिटून वाहवा करणे नव्हे. आपल्या माणसाला चूक दाखवणे हाही वफेचाच भाग आहे.

आता आयांच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाला फुटबॉलपासून तोडू नका. त्याचा क्लब लिव्हरपूल असो, रिआल माद्रिद असो, की त्याच्या मोहल्ल्याचा संघ असो, त्याला हार सोसायची सवय तिथेच लागते. परीक्षेत, नोकरीत, नात्यांत पुढे किती वेळा हरावे लागणार आहे, हे आपण मोठी माणसे जाणतो. अशा हारींची रंगीत तालीम खेळात होत असेल तर होऊ द्या. संघ हरला की त्याची चेष्टा करू नका. शेजारी बसून, काय झाले ते विचारा. तो दहा मिनिटे बोलेल आणि मग जेवेल.

पण काही बाबतींत हात आखडता घेऊ नका. फजर चुकवून पाहिलेला सामना पाहिला नाही तरी चालतो, हे त्याला स्पष्ट सांगा. सामना सकाळी पुन्हा दाखवतात, नमाजची वेळ पुन्हा येत नाही. दुसरे, मोबाइलवर संघ लावून पैसे जिंकण्याची जी ॲप आहेत त्यांवर नजर ठेवा. ज्याने पैसे लावले त्याला क्लब उरत नाही, आकडा उरतो. तो जुगार आहे आणि जुगाराचे नाव बदलल्याने तो हलाल होत नाही. तिसरे, समोरच्या संघाच्या चाहत्याला, त्याच्या आई-बहिणीला, त्याच्या जातीधर्माला शिवी देणे ही वफा नाही, बदतमीजी आहे. ते ज्या दिवशी कानावर येईल त्या दिवशी टीव्ही बंद करा.

आणि सुट्टीच्या दिवशी त्याला मोहम्मडन स्पोर्टिंगची ही कहाणी सांगा. 1934 सांगा, 1948 सांगा, चाळीस वर्षांची वाट सांगा आणि तेरावा क्रमांकही सांगा. फक्त जिंकलेली वर्षे सांगितली तर मुलाला घमेंड शिकवल्यासारखे होईल. हरलेली वर्षेही सांगितली तर, इन्शाअल्लाह, तो सब्र शिकेल. पुढच्या हंगामात त्याचा क्लब जिंकला तर शुक्र करायला त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.